लव्हाळा, मोथा की गवत?

शब्दवेडा, माहीम: सोसायटीच्या बागेत लावायच्या सूचनेत 'लव्हाळा नावाचे गवत मुळासकट उपटावे' असं लिहिलंय. शब्द लव्हाळा, लव्हाळं की मोथा? आणि नागरमोथा तो हाच ना?

गच्चीबाग: 'गवत' आधी खोडा, 'तण' लिहा. लव्हाळा मोथा कुळातला, गवताच्या नाही. दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा: तीन कडा लागतात, मधे पेर नाही, आत भरीव. गवताची काडी गोल, पेरांची, बहुधा पोकळ. पानंही बघा, लव्हाळ्याची तीन ओळींत, गवताची दोन. नुसता शब्दांचा कीस नाही हा. फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारं औषध लव्हाळ्यावर मारून काही होत नाही.

जुनीपाटी: लिंग दोन्ही चालतात. 'वाफ्यात लव्हाळा माजलाय' हे पुल्लिंग, बोलण्यात हेच जास्त. नपुंसकलिंगी लव्हाळं, अनेकवचन लव्हाळी: 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती'. इथे लव्हाळी म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन समजून 'ती लव्हाळी वाचते' असं लिहिलेलं दिसतं, ते चूक. म्हणीत नम्रतेचं कौतुक आहे, पण लव्हाळ्याचं निम्मं बळ जमिनीखाली असतं.

गच्चीबाग: निम्मं? जवळजवळ सगळंच! म्हणून 'उपटावे' हे क्रियापदही बदला. उपटलं की पात हातात येते, गाठ मातीतच राहते. या गाठी बारीक दोऱ्यासारख्या खोडाने माळेत ओवलेल्या असतात. माळ अखंड असेतो बऱ्याच गाठी झोपलेल्या. खुरप्याने तोडली की सुट्या झालेल्या गाठी एकेक करून फुटतात. एकाचे पाच होतात ते असे. कुंडीतली माती पूर्ण ओतून ५ मिमी जाळीच्या चाळणीने चाळा. जमिनीत १५ सेंमीपर्यंत खणा, बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात. राहिलेल्यांची पात दर दोन आठवड्यांनी काढत राहिलं तर त्या हळूहळू थकतात. काळं प्लॅस्टिक अंथरू नका, टोकदार कोंब ते भोसकून वर येतो. कुंड्यांसाठी आणलेल्या लाल मातीतूनही गाठी येतात, तेव्हा तीही चाळून घ्या.

उटणेवाली: मोथा आणि लव्हाळा एकच, सायपेरस रोटंडस, संस्कृतात मुस्ता. गाठ औषधात, उटण्यात आली की तिला नागरमोथा म्हणायचं. मात्र बाजारात त्याच नावाने सायपेरस स्कॅरिओससही मिळतो, तो दलदलीतला. तेव्हा तणाला नागरमोथा म्हणू नये. माळी उटण्याच्या दुकानात जायचा!

शब्दवेडा, माहीम: मग असं: 'लव्हाळा गाठींसकट खणून काढावा.'

गच्चीबाग: पुढे जोडा: 'गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.' तिथे त्या मजेत फुटतात.