इंदूरमध्ये ‘नोटा’चा प्रचार: निव्वळ चेष्टा की आणखी काही?

राजवाडेकर: २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर त्या पक्षाने आपल्या इंदुरात चक्क ‘नोटा’साठी मते मागितली आणि रिक्षांच्या पाठीवर तशी पत्रके झळकली. ज्याला ना चेहरा ना जाहीरनामा, अशा उमेदवाराचा प्रचार अन्यत्र कुठे झाला आहे का?

वाचनवेडा: झाला आहे. ब्राझीलमधील साओ पावलो येथे १९५९ साली नगरपरिषदेच्या निवडणुकीत, भ्रष्ट कारभाराला विटलेल्या मतदारांनी प्राणिसंग्रहालयातील काकारेको या गेंड्याच्या मादीला सुमारे १ लाख मते दिली. ती अर्थातच बाद ठरली. पण कोणत्याही पक्षाला तेवढी मते पडली नव्हती.

मालवणी_आत्या, इंदूर: आपल्याकडे ‘नोटा’ची २,१८,६७४ मते बाद म्हणून बाजूला न टाकता स्वतंत्रपणे मोजून जाहीर झाली, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मात्र ‘नोटा’ पहिल्या क्रमांकावर आली असती तरी तिच्या खालोखालचा उमेदवारच विजयी ठरला असता, हे मनाला खटकते. मे महिन्याच्या उन्हात रांग लावून यंत्रावरचे सर्वांत खालचे, फुलीचे बटण दाबणाऱ्याला चेष्टेखोर कसे म्हणावे?

राजवाडेकर: आत्या, पटले. काकारेकोविषयी आणखी वाचतो.