मदत हवी आहे: कंपोस्टच्या रिपोर्टात लोह ६,२००, तरी उसात केवडा का?

नमस्कार मंडळी. आमची जमीन चुनखडीची, सामू ८.३. माती परीक्षणात लोह ३.१ पीपीएम आणि जस्त ०.४ आलंय. खोडव्यात केवडा पडतो. पोंग्यातून निघणारं पान शिरांपुरतं हिरवं, मधली पट्टी पिवळी, काही बेटं तर पांढरीफटक.

मळी (कारखान्याचा प्रेसमड), शेण आणि पाचट कुजवून घरीच कंपोस्ट केलं. यंदा शेतात टाकण्याआधी तपासायला दिलं. लोह ६,२०० मिग्रॅ प्रतिकिलो, जस्त १४८, तांबे ४१. शेजारी मर्यादा जस्त १०००, तांबे ३०० आणि शेरा 'योग्य'.

मातीत लोह ४.५ च्या वर असलं की पुरे म्हणतात. मग ६,२०० वालं खत एकरी दोन ट्रेलर टाकल्यावर केवडा राहायलाच नको. पण गेल्या वर्षी ज्या पट्ट्यात असंच कंपोस्ट टाकलं, तिथं काडीचाही फरक नाही. ही मर्यादा किमान की कमाल? पिकाला नेमकं किती मिळेल हे कळायला लॅबला काय सांगायचं? नमुना जस्ती पत्र्याच्या बादलीत गोळा केला होता, त्यानं काही बिघडतं का? आडसाली लागण तीन आठवड्यांवर आलीय, कृपया लवकर सांगा.

उत्तर:
दादा, ती मर्यादा कमाल आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी धातूंची हीच वरची सीमा आहे. 'योग्य' म्हणजे धातू जास्त नाहीत, इतकंच.

६,२०० हे आम्लात विरघळवून मोजलेलं एकूण लोह. त्यात पाचटाबरोबर आलेली मातीही मोजली गेली. मातीचा ४.५ हा आकडा डीटीपीए या रसायनाच्या द्रावणात सुटणाऱ्या, म्हणजे पिकाला मिळू शकणाऱ्या लोहाचा. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. लॅबला 'डीटीपीएने उपलब्ध लोह, जस्त, मंगल (मँगनीज), तांबे, कोरड्या वजनावर' असं लिहूनच द्या. बोरॉनची चाचणी वेगळी, गरम पाण्याची.

बादलीचा नमुना मात्र टाकून द्या, जस्ताचा आकडा फुगलेला असू शकतो. प्लॅस्टिकच्या बादलीत ढिगाच्या आतून दहा-बारा ठिकाणचं घ्या, कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

लागणीसाठी रिपोर्टची वाट बघू नका. चुनखडीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर त्यातलं लोह जागीच बसतं, पिकाला मिळत नाही. एकरी १० किलो हिराकस आणि ८ किलो झिंक सल्फेट दहापट कंपोस्टात मिसळून, ओल धरून पाच-सहा दिवस मुरवा आणि सरीत द्या.