बेरीचं कंपोट: साखर आधी की नंतर? (अनुभव धागा)

डिसेंबर उजाडला की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी रस्तोरस्ती दिसायला लागते. एक डबा पुरत नाही म्हणून आपण दोन घेतो आणि दुसऱ्या दिवशी तळातली फळं मऊ पडलेली असतात. एवढ्याशासाठी जॅमचा घाट कोण घालणार? जॅमला जवळजवळ फळाच्या वजनाइतकी साखर लागते, शिवाय पाक 105 अंशांच्या आसपास जाईपर्यंत आटवत बसावं लागतं. कंपोटला यातलं काही नको. साखर थोडी, आच थोडी, आणि पाकात फळ फळासारखं दिसलं म्हणजे झालं. आठवडाभर फ्रिजमध्ये राहतं, त्याहून जास्त टिकवायची अपेक्षाच ठेवायची नाही.

करवंद, जांभूळ, क्रॅनबेरी, परदेशातल्या रानातल्या बेऱ्या, जे काही घरी करून पाहिलं असेल ते लिहा. गोड चालेल, तिखटमिठाचं तर हवंच आहे. प्रमाण द्या. ‘अंदाजाने’ म्हणणार असाल तर तो अंदाज कशावरून घेता तेवढं तरी सांगा.

सुरुवात मीच करते. अर्धा किलो स्ट्रॉबेरी, 100 ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस. फळं देठासकट धुवायची आणि मग देठ काढायचे, नाहीतर आत पाणी शिरतं. दोन-दोन फोडी करून साखर लावून झाकून ठेवायचं. दोनेक तासांत भांड्याच्या तळाशी लालभडक रस जमतो आणि त्याच्याखाली न विरघळलेल्या साखरेचा थर बसलेला असतो. फोडी झाऱ्याने बाजूला काढून फक्त तो रस पसरट भांड्यात उकळायचा. गुलाबी फेस येतो, तो काढून टाकायचा (आमच्याकडे तो काढण्याआधीच चाटला जातो). रस चमच्याच्या पाठीला धरायला लागला की फोडी आणि लिंबू घालून तीन-चार मिनिटांत गॅस बंद. स्ट्रॉबेरीत पेक्टिन (पाकाला घट्टपणा आणणारा फळातला घटक) कमी असतं, त्यामुळे फोडींसकट कितीही आटवलं तरी दाटपणा यायच्या आत फोडी फिक्या आणि लिबलिबीत होतात. म्हणून माझं मत: साखर आधी.

सातारा
आमची थोडी शेती आहे, म्हणून जातीबद्दल लिहितो. ‘स्वीट चार्ली’ लवकर येते, गोड असते, पण नाजूक, कंपोटमध्ये विरघळते. ‘कामारोजा’ घट्ट, शिजल्यावरही आकार धरते. डबा घेताना जात विचारायला लाजू नका. आणि कंपोटसाठी वरच्या प्रतीचं मोठं फळ घेऊ नका. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये प्रोसेसिंगचा बारीक माल मिळतो, तो स्वस्तही असतो आणि आतपर्यंत लालही. मोठ्या फळाच्या पोटात बऱ्याचदा पांढरी पोकळी असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या नावावर कुठलाही माल खपतो. विकणाऱ्याला गाव विचारा.

सावंतवाडी
साखर आधी हे स्ट्रॉबेरीला ठीक आहे हो ताई, करवंदाला नाही!

आमच्याकडे एप्रिलअखेर करवंदं येतात तेव्हा निम्मी काळी आणि निम्मी लालसर-कच्ची अशी मिसळ घेते. नुसत्या काळ्याला आंबटपणा नसतो आणि दाटपणाही येत नाही. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर. त्रास चिकाचा. हाताला आणि सुरीला खोबरेल लावून बसायचं, करवंद उभं चिरून सुरीच्या टोकाने बिया काढायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकत जायचं. पाण्यावर चिकाचे पांढरट तवंग दिसतात. ते पाणी ओतून पुन्हा धुवायचं.

आता कृती म्हणाल तर हा मेथांबाच आहे, कैरीच्या जागी करवंद. दोन वाट्या करवंदांना दोन चमचे तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद. मेथी तांबूस झाली की लगेच करवंदं टाकायची, काळी झाली तर सगळं कडू. पाव वाटी पाणी घालून झाकण ठेवून वाफ आणायची. साल बोटाने दाबून मऊ लागली पाहिजे. तोपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. गूळ आधी पडला की साल आक्रसते आणि चिवट होते, मग कितीही शिजवा. नंतर वाटीभर गूळ, मीठ, चमचाभर तिखट. गूळ विरघळून एक उकळी आली की बंद. गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, त्यामुळे गॅसवर असताना जरा पातळच वाटलं पाहिजे. घावनाबरोबर खा, मग बोला.

न्यू जर्सी
वरचा मेथांबा वाचून हसू आलं, कारण आमच्या घरी थँक्सगिव्हिंगला नेमकं हेच होतं, फक्त क्रॅनबेरीचं. ऑक्टोबरपासून ताज्या क्रॅनबेरीच्या 12 औंसाच्या, म्हणजे 340 ग्रॅमच्या पिशव्या येतात. इथली पद्धत सरळ आहे: पिशवीभर क्रॅनबेरी, कपभर साखर, कपभर पाणी, वर संत्र्याची साल किसून. सगळं एकदम उकळायचं. दाणे पटापट फुटायला लागतात, झाकण अर्धवट ठेवा नाहीतर शेगडी रंगते.

माझ्या तिखट प्रकारात सावंतवाडीच्या काकू म्हणतात तसं गोड नंतर. फोडणीत मेथी, हिंग, लाल मिरचीचे तुकडे, मग क्रॅनबेरी आणि अर्धा कप पाणी. निम्मे दाणे फुटले की गूळ घालते आणि लगेच उतरवते. उरलेले भांड्याच्या उष्णतेवर मऊ होतात, पण अख्खे राहतात आणि खाताना दाताखाली आंबट येतात. सगळे फुटू दिले तर गार झाल्यावर वडीसारखं कापता येईल इतकं घट्ट होतं, एवढं पेक्टिन आहे त्यात. टर्कीबरोबर पाहुणे खातात, आम्ही दुसऱ्या दिवशी दहीभाताबरोबर.

गॉथेनबर्ग
माझ्या अनुभवात शिजवणंच नाही, धाग्यात बसतं का बघा.

स्वीडनमध्ये ऑगस्टअखेर ते सप्टेंबर लिंगनबेरीचा मोसम. जंगलात कुणीही जाऊन खुडू शकतं, जमीन दुसऱ्याची असली तरी. तसा हक्कच आहे इथे. दाणे लाल, छोटे, खाऊन पाहिलेत तर तोंड वाकडं होईल इतके आंबट-तुरट. हे लोक ते कच्चेच साखरेबरोबर ढवळतात. माझं प्रमाण अर्धा किलो बेरीला 200 ग्रॅम साखर. साखर विरघळेपर्यंत मध्ये मध्ये ढवळत राहायचं, काही दाणे चेंगरतात, काही अख्खे राहतात. लिंगनबेरीत निसर्गतःच बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे न शिजवताही फ्रिजमध्ये पुष्कळ टिकतं. मांसाच्या गोळ्यांबरोबर आणि बटाट्याच्या पातळ धिरड्याबरोबर खायची रीत. मी उपासाच्या थालीपिठाबरोबर देते. आईने पहिल्यांदा खाल्लं आणि यात जिरं का नाही म्हणाली. तेव्हापासून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव घातलेली एक वेगळी बरणी असते.

(बसतं, बसतं. जिऱ्याचं आजच करून बघते. – धागाकर्ती)

पालघर
जांभळाचं कुणी लिहिलं नाही? आमच्याकडे बहाडोलीचं जांभूळ, गर भरपूर, बी त्या मानाने लहान. गर हाताने कुस्करून सुटा करायचा, साल टाकायची नाही, सगळा रंग तिथेच असतो. कुस्करल्यावर मीठ लावून अर्धा तास ठेवलं की तुरटपणा बराच कमी लागतो. मग थोडी साखर, काळं मीठ, मिरपूड, आल्याचा रस, पाचेक मिनिटं आच. लिंबू शेवटी. लिंबू पडताच मातकट जांभळा रंग उजळून लालसर होतो, तो क्षण मुलांना दाखवण्यासारखा आहे.

लोखंडी कढई नको, रंग काळपट पडतो आणि चवीला लोखंड लागतं. अॅल्युमिनियमही नको. साधं स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

बेंगळुरू
मी एकटा राहतो, ताजी बेरी खुडायला जंगल नाही, शेत नाही. फ्रोझन मिक्स बेरीचं पाकीट आहे. एका दुकानातून आणलेल्या पाकिटात निम्मा बर्फच निघाला, तेव्हापासून पाकीट हलवून बघतो. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. दगडासारखा गोळा लागला तर माल मध्ये वितळून पुन्हा गोठलेला आहे, घेऊ नका.

वितळवत बसायचं नाही, गोठलेलेच पातेल्यात. पाणी अजिबात नको, त्यांचं त्यांना सुटतं. मी गोड करतच नाही: एक बारीक चिरलेला कांदा बटरवर गुलाबी, त्यावर दोन मुठी बेरी, चमचाभर व्हिनेगर, दोन चमचे साखर, मीठ, भरपूर भरडलेली मिरी. दहा मिनिटं. चीज टोस्टवर. कांदा आहे म्हणून तीन-चार दिवसांत संपवतो, बाहेर ठेवत नाही.

नागपूर
मधुमेह आहे. साखर जवळपास नाही, फक्त तुती आणि लिंबू, दाटपणासाठी वाटीला एक चमचा चिया. तुतीचे हिरवे देठ कात्रीने कापावे लागतात, तेवढं काम सोडलं तर पाच मिनिटांचा खेळ. साखर नाही म्हणजे राखणारं काही नाही, म्हणून एका वेळी वाटीभरच. आणि बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं खाणारे आमच्या घरीही होते. मी सगळं फेकते.

लीड्स
इथे ऑगस्ट-सप्टेंबरात पायवाटांच्या कडेला ब्लॅकबेरीची झुडपं लगडतात. 29 सप्टेंबरनंतर खुडू नये, सैतान त्यावर थुंकतो असं इथल्या म्हाताऱ्या सांगतात. सैतानाचं माहीत नाही, पण तोवर पावसाने फळं पाणचट होऊन बुरशी धरायला लागते हे खरं. ब्लॅकबेरीबरोबर एक आंबट सफरचंद चिरून घाला, दाटपणा सफरचंद आणतं. साखर मी मधोमध घालते, म्हणजे सफरचंद मऊ झाल्यावर आणि बेरी पडायच्या आधी. दोन्ही पक्षांना राजी ठेवणारा मार्ग!

प्रश्न आहे: कुणाचं पातळ राहिलं तर काय करता? आमच्याकडे पाहुणे दारात आणि पातेल्यात सरबत, असं होतं कधीकधी.

हॅम्बुर्ग
पातळ राहिलं तर इथे त्याचंच पक्वान्न करतात. रोटे ग्रुत्से त्याचं नाव. लाल करंट, रासबेरी, आंबट चेरी यांचा रस उकळायचा, थंड पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालायचं, अर्धा लिटरला दोन सपाट चमचे पुरे. एक उकळी येऊ द्या, नाहीतर पिठूळ लागतं. फळं शेवटी घालून नुसती गरम होऊ द्यायची. वर व्हॅनिला सॉस. पाहुणे दारात असतील तर सात-आठ मिनिटं मागून घ्या.

नाशिक
रसभरी राहिली. कागदी टोपणातली पिवळी, जानेवारी-फेब्रुवारीत हातगाडीवर मिळते ती. टोपण काढल्यावर फळाला चिकट थर असतो, कोमट पाण्याने धुवा. अख्खी ठेवायची असेल तर प्रत्येकीला सुईने टोचा, नाहीतर काही फुटतात आणि काही टणक राहतात. पाव किलोला तीन चमचे साखर, हिरवी मिरची उभी चिरून, मीठ, बोटभर आलं. साखर आधी घालून बघितली, नंतर घालून बघितली, टोचलेल्या रसभरीला फरक पडला नाही. भाजलेल्या पनीरवर गरम गरम ओता.