नर्सिंगचा सिलॅबस देशभर एकच, मग त्यात नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या धडगावचा पेशंट कुठे बसतो?

तापीकाठची सिस्टर:
बी.एस्सी. नर्सिंगचा २०२१ चा नवा सिलॅबस इंडियन नर्सिंग कौन्सिलने आणला, आठ सेमिस्टर, क्रेडिट, सिम्युलेशन लॅब, सगळं चांगलंय आणि देशभर मापदंड एकच हवा त्याबद्दल वाद नाहीच. पण ते झालं कमीत कमी, त्याच्यावर काय शिकवायचं ते कॉलेजने बघायला नको का? नंदुरबारकडे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, केवढा आहे, आणि आपल्या पोरी तो ॲनिमियातला एक टॉपिक म्हणून पाठ करतात. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली तपासणी, पॉझिटिव्ह आली तरी माणूस पेशंट आहे की नुसता वाहक (स्वतःला आजार नाही, पण बाळाकडे जाऊ शकतो) ते कळत नाही, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की तपासणी लागते, दोघं नवरा-बायको वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, हे त्यांना पावरीत, त्यांच्या आदिवासी बोलीत, समजावणार कोण? पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आहे ना, मग पावरी-भिलीचे थोडे तास पण ठेवा.

धुळेकर भाऊ:
ताई, माझा विरोध आहे. आधी आहे तेवढं तरी नीट शिकवू द्या. कितीतरी ठिकाणी सरावाचे पुतळे (मॅनेकिन) कपाटात कुलूपबंद, ट्यूटर पुरेसे नाहीत, लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकमेकींचं बघून भरतात, त्यात अजून एक विषय? आणि कापसाच्या पैशावर ज्या बापाने फी भरली त्याच्या पोरीला नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षा देऊन एम्सला जायचंय, कोणाला गल्फला. तिचे तास तिथे गेले पाहिजेत.

सातपुडा_ड्युटी:
भाऊ, एम्सला काय आदिवासी पेशंट येत नाही का? मी पीएचसीला आहे म्हणून सांगते. क्रायसिसमधलं, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका आलेलं, पोर रात्री कळवळत येतं, हातपाय दुखतात, पोट दुखतं, आईला मराठी येत नाही. पाणी कमी पडलं का, ताप होता का, पोर आधीपासून सिकलसेलचं आहे का, हे विचारताच आलं नाही तर नवी सिस्टर साधी पोटदुखी समजून बसेल आणि सलाईन, दुखणं थांबवायचं औषध, सगळ्याला उशीर होईल. नवा सिलॅबस कॉम्पिटन्सीवर आधारलेला म्हणतात, मग हिस्टरी घेता येणं हीच तर पहिली कॉम्पिटन्सी!

धुळेकर भाऊ:
हे पटतं. तरी पेपर नको, पेपर आला की गाईड येतं आणि पोरी गाईड पाठ करतात. कम्युनिटी पोस्टिंग शहराजवळच्या सोयीच्या गावात उरकतात ना, ती मोलगी, तोरणमाळला न्या, आहे त्याच तासांत बसेल.

तापीकाठची सिस्टर:
पोस्टिंग हवीच, पण भाषेची तयारी न करता नेलं तर पोरी आशाताईंच्या मागे नुसत्या उभ्या राहतील. इलेक्टिव्ह मॉड्युल सिलॅबसमध्ये आहेतच, त्याच धर्तीवर कॉलेजने स्वतःचं छोटं मॉड्युल करावं, शिकवायला तिथल्याच आशाताईंना बोलवावं आणि त्यांना मानधन द्यावं, फुकट नाही.

सातपुडा_ड्युटी:
आणि मुलींच्या राहायची सोय, गाडी, सोबत एक मॅडम, हे आधी लेखी घ्या. नाहीतर पालक पाठवणार नाहीत, आणि मी पण म्हणेन पाठवू नका.