गोव्याची गाडी सिंधुदुर्गात आणताना

एकांचं म्हणणं आहे की म्हापशाहून जुनी गाडी घेतली, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की विषय संपला. राज्यातल्या राज्यात ठीक आहे हो. पण जीए पासिंगची, म्हणजे गोव्याच्या नंबरची गाडी सिंधुदुर्गाच्या एमएच-०७ वर आणायची तर आधी फॉर्म २८, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते. ती विकणाऱ्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून पूर्ण पैसे आधी देऊ नका. मी दिले, मग विकणाऱ्या साहेबांनी फोन उचलणंच सोडलं. चतुर्थीला घरी आले तेव्हा अंगणात गाठून सही घेतली!

फॉर्म २८ वर चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. आमच्याकडची खारी हवा म्हणजे काय सांगू, आकड्यांवर गंजाचा थर. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास गाडीखाली झोपलो होतो. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, आकडा पुसट झाला तर नसती शंका घेतील.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घ्या, थकलेली चलनंही आधीच मिटवून घ्या. नवीन नंबरासाठी फॉर्म २७. महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार वेगळा भरावा लागतो, तो भावातच धरा. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, पण जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळणार नाही.

महाराष्ट्रात बारा महिने जीए नंबरवर चालतं ते खरं, पण ती मुदत नंबर बदलण्यापुरती, मालकी बदलाला नाही.