लेक ८ वर्षांची, उंच उडी आत्ताच सुरू करावी का?

गडग्यापलीकडे: गुहागरजवळ राहतो. लेक शाळेतून आली की चिऱ्याच्या गडग्यावरून उडी मारूनच खळ्यात येते, बेड्यातून (फाटकातून) कधीच नाही. पीटीचे सर म्हणाले, उंच उडीला घाला. कितव्या वर्षी सुरू करावी? घरी सरावाला काय घेऊ? बजेट २ हजार, वर एक रुपया नाही.

हापूस_आंबेवाला: फोमची मॅटच घ्या. भाच्यासाठी घेतली, पन्नासेक हजार गेले, पण माल बघा! फक्त पहिल्याच पावसाळ्यात आतून बुरशी धरली. ताडपत्री मोठी घ्या.

निवृत्त_पीटी: २ हजार म्हणाल्यात त्या. असो. ८ व्या वर्षी लंगडी, टिक्कर, दोरीउड्या. हसू नका, एका पायावर उसळी मारायची सवय तिथेच लागते. नऊ-दहाला कात्री उडी: तिरकं धावत यायचं, दांडीपासून लांबच्या पायावर उडायचं, पलीकडे पायांवरच उतरायचं. पुळणीवर उत्तम जमतं. पाठीवर पडायची फॉसबरी उडी अकरा-बारानंतर, तीही जाड मॅट आणि शिकवणारा असेल तरच. दांडी नको, चिव्याच्या दोन काठ्यांना इलॅस्टिक बांधा. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, इतक्यात अजिबात नकोत.

मालवणी_झील: माझ्या झिलान दोन गाद्ये जोडून उडी मारल्यान नि मधल्या फटीत गेलो. मनगट मोडला. गाद्ये घातलास तर वरून एकच चादर घट्ट बांधा.

आकडेमोड: बारापर्यंत थांबलं तर गाडी चुकते असं काही नाही. फॉसबरीने स्वतः ती उडी हायस्कुलात असताना बसवली आणि १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकात २.२४ मीटरवर सुवर्ण घेतलं. क्यूबाच्या सोतोमायोरचा २.४५ चा विश्वविक्रम तर १९९३ पासून कोणाला मोडता आलेला नाही.

नारळीपाकळी: उड्या मारून उंची वाढते ना? आमच्या शेजारच्यांची वाढली.

आकडेमोड: उंच मुलं उंच उडीत टिकतात, म्हणून तसं वाटतं.

नारळीपाकळी: मग शेजारचे खोटं बोलतात का?

हापूस_आंबेवाला: बांगडा खायला घाला, वाढेल.

देशावरचा: आमच्या नाशिक जिल्ह्याचा सर्वेश कुशारे मक्याच्या भुशावर उड्या मारत शिकला. २०२५ ला टोकियोत जागतिक स्पर्धेत २.२८ मारून सहावा आला! तुमच्याकडे भाताचा पेंढा आहेच की.

निवृत्त_पीटी: पेंढा दोन दिवसांत दबतो. वर सापाला घर. नको.

मी_फिजिओ: वाढत्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखायला लागला तर "सवय होईल" म्हणून रेटू नका, उड्या थांबवा. आठवड्यात दोन-तीन दिवस पुरे. जांभ्याच्या कातळावर तर नकोच.

मालवणी_झील: इलॅस्टिक बरा. मी पण तांच सांगणार होतंय.

गडग्यापलीकडे: सगळ्यांचे आभार. इलॅस्टिक बांधलं. पण काल चिपळूणला गेलो होतो, दुकानात स्पाइक्स दिसले आणि ती तिथेच बसली. २,६५०. वाढत्या पायाचे म्हणून एक नंबर मोठे घेतलेत, पुढे कापूस कोंबलाय. पीटी सर, ओरडू नका, सासूबाई सकाळपासून ओरडतच आहेत. परवाच सारवलेल्या खळ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं पडलीत.

निवृत्त_पीटी: भोकं एका रेषेत आहेत की वळणात? वळणात असतील तर धाव बरोबर आहे.

गडग्यापलीकडे: थेट गडग्याकडे.