मदत हवी आहे : निरोगी मुलांच्या शौचातही जंतू सापडतात, मग जुलाबाचे कारण ठरवायचे कसे?

नमस्कार.

अल्प उत्पन्न असलेल्या देशांतील पाच वर्षांखालील मुलांना जिवाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांविषयी, आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणासाठी, मी मराठीत एक प्रकरण लिहीत आहे. जलसंजीवनी, दहा ते चौदा दिवस द्यायचे जस्त आणि स्तनपान चालू ठेवणे हा भाग लिहून झाला आहे. पण रोगकारणांच्या भागात घोडे अडले असून, जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे. जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

'जेम्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात गांबिया, माली, मोझांबिक, केनिया, भारत, बांगलादेश आणि पाकिस्तान या सात देशांतील मुलांची तपासणी झाली. मध्यम ते तीव्र जुलाब झालेली ९,४३९ मुले आणि तुलनेसाठी जुलाब नसलेली १३,१२९ मुले, असे दोन गट होते. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांच्या शौचात रोगकारक मानला जाणारा किमान एक जंतू सापडला. हे अपेक्षितच होते. पण निरोगी मुलांपैकी ७२ टक्क्यांतही तो सापडला! तरीसुद्धा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोटाव्हायरस हा विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी आणि शिगेला व उष्णतेत टिकणारे विष तयार करणारा ई. कोलाय हे दोन जिवाणू, ही चार प्रमुख कारणे ठामपणे सांगितली आहेत. पुढे २०१६ मध्ये त्याच अभ्यासातील नमुने पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) पद्धतीने पुन्हा तपासले गेले, तेव्हा शिगेला यादीत सर्वांत वर गेला. दोन्ही गटांत जंतू असताना दोष नेमका कोणाचा, हे कशावरून ठरवतात?

याला जोडूनच दुसरी शंका आहे. जिवाणूंचा वाटा इतका मोठा असेल, तर सर्वच जुलाबांत प्रतिजैविक का देऊ नये? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'एबीसीडी' चाचणीत, पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या आणि शुष्कता किंवा कुपोषण असलेल्या आठ हजारांहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले होते; परंतु १८० दिवसांतील मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. ही विसंगती वाचकाला कशी समजावून सांगावी?

प्रतिसाद १

तुमचा गोंधळ रास्त आहे. 'सापडला' आणि 'कारणीभूत ठरला' या दोन क्रियापदांमध्ये तो दडलेला आहे. समजा, शंभर आजारी मुलांपैकी तिसांत एखादा जंतू आढळला आणि शंभर निरोगी मुलांपैकी अठ्ठाविसांतही आढळला, तर तो तिथला नेहमीचा रहिवासी म्हणायचा. याउलट तो आजाऱ्यांमध्ये तीस आणि निरोग्यांमध्ये पाच असा आढळला, तर संशय बळावतो. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) प्रत्येक जंतूसाठी हा हिशेब करून, त्याच्या माथी जुलाबांचा किती वाटा मारायचा ते ठरवले जाते. पीसीआरने त्यात आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे जंतूचे प्रमाण. मागच्या संसर्गाचे उरलेसुरले अवशेष आणि आतड्यात या क्षणी माजलेला जंतू यांत तिच्यामुळे फरक करता येतो. शिगेलाचे प्रमाण जितके जास्त, तितका त्याचा आजाराशी संबंध घट्ट दिसतो.

मात्र तुलनेच्या गटाला 'निरोगी' म्हणताना हात आखडता घ्यावा. आठ देशांत झालेल्या 'माल-एड' अभ्यासात कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग वारंवार झालेल्या मुलांची उंची कमी वाढलेली दिसली, मग त्यांना त्या वेळी जुलाब होत असोत वा नसोत. 'जुलाब नसलेली मुले' एवढेच लिहावे.

प्रतिजैविकाचे उत्तर आतड्यात आहे. विष तयार करणारा ई. कोलाय लहान आतड्याच्या अस्तराला नुसता चिकटतो. त्याच्या विषामुळे पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकू लागतात, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेण्याची वाट शाबूत राहते. त्याच वाटेने जलसंजीवनी काम करते. शिगेला मोठ्या आतड्याच्या पेशींत शिरतो आणि दाह करतो. मूल कुंथत राहते, शौच चमचाभरच होते, त्यात जेलीसारखी आव आणि रक्ताच्या रेषा दिसतात. इथे गेलेले पाणी भरून काढले तरी जखम तशीच राहते. म्हणून रक्त दिसल्यास प्रतिजैविक द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'एबीसीडी'त रक्ती जुलाबांची मुले घेतलीच नव्हती, आणि घेतलेल्यांपैकी अनेकांचे जुलाब विषाणूंमुळे झालेले होते. तिथे औषधाने करावे तरी काय?

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक अडचण नोंदवतो. पीसीआरमध्ये शिगेला आढळलेल्या बऱ्याच मुलांच्या शौचात रक्त नव्हतेच. म्हणजे रक्ताची खूण उपयोगी असली, तरी तिच्यातून बरीच मुले निसटतात. झटपट आणि स्वस्त चाचणी हाती येईपर्यंत आरोग्यसेवकाला याहून चांगली खूण देता येत नाही, हे प्रकरणात स्पष्ट लिहावे.

शिवाय 'आमांश' हा शब्द जपून वापरा. मराठी वाचक तो वाचताच अमीबा समजतो आणि त्यावरचे औषध, मेट्रोनिडाझोल, शोधू लागतो. लहान मुलांत रक्त पडण्यामागे अमीबापेक्षा शिगेला असण्याची शक्यता बरीच अधिक असते. 'रक्ती जुलाब' हा शब्द नेमका आहे आणि आईच्याही तोंडात बसतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मसुद्यात 'आमांश' अकरा ठिकाणी होता, तो काढला आहे; 'निरोगी मुले' हेही बदलले आहे. एक शंका उरली. पाण्यासारख्या जुलाबांतही शिगेला असतो हे आरोग्यसेवकाला सांगितले, तर तो सरसकट गोळ्या देऊ लागेल आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढतील, अशी भीती वाटते. हे वाक्य मुख्य मजकुरात ठेवावे की केवळ प्रशिक्षकांच्या टिपणात?